वॉलमार्ट भारी की हार्वर्ड?

माहीत आहे का? 2013 मध्ये वॉलमार्ट वॉशिंग्टन डीसीत आलं तेव्हा नोकऱ्या होत्या 600 आणि अर्ज आले 23,000 च्या वर. निवड जेमतेम 2.6 टक्के! त्या वर्षी हार्वर्डचा ॲक्सेप्टन्स रेट होता 5.8. म्हणजे हार्वर्डपेक्षा तिथलं काउंटर टफ? घ्या!

हा आकडा दारातली रांग मोजतो, रांगेत कोण उभंय ते नाही. आणि रांग वाढवता येते.

युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो पाहा. 2005 च्या सुमारास 100 अर्जांमागे 40 जणांना प्रवेश मिळायचा, आता दहालाही मिळत नाही. मधल्या काळात मुलं चौपट हुशार झाली? छे! स्वतःचा वेगळा फॉर्म सोडून शिकागोने इतर कॉलेजांसारखा 'कॉमन ॲप्लिकेशन' घेतला, जाहिरातबाजी वाढवली आणि अर्जांचा पूर आला. निबंधाचे विषय मात्र तसेच तिरपागडे. एका वर्षी विचारलं, 'वॉल्डो कुठे आहे, खरंच?' वॉल्डो म्हणजे चित्रातल्या गर्दीत लपणारा लाल पट्ट्यांच्या टीशर्टवाला!

कधी रांग लांब असण्यापेक्षा जागाच मोजक्या असतात. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेत 1928 पासून ट्यूशन फी शून्य. पण ट्यूबावाल्याची जागा भरलेली असेल, तर तुम्ही कितीही झकास फुंका, वाजले की बारा!

मग क्वालिटी मोजायची कशी? चार संशोधकांनी भन्नाट शक्कल लढवली. 3,240 हुशार मुलांना दोन-तीन कॉलेजांनी 'ये' म्हटल्यावर ती गेली कुठे, ते पाहिलं. प्रत्येक निवड म्हणजे एक मॅच! बुद्धिबळपटूंसारखं कॉलेजांना रेटिंग दिलं. अव्वल कोण? हार्वर्डच. (वॉलमार्ट स्पर्धेत नव्हतं.)

हीच मॅच आपल्याकडेही दर वर्षी रंगते. जेईई ॲडव्हान्स्डच्या पहिल्या शंभरातले बहुतेक जण सरळ पवई गाठतात. आयआयटी बॉम्बेचं कॉम्प्युटर सायन्स, बस्स!

2016 मध्ये एका अमेरिकी स्तंभलेखकाने थट्टा केली होती, स्टॅनफर्डचा रेट शून्य टक्के! दोनच वर्षांत स्टॅनफर्डने आपला ॲक्सेप्टन्स रेट गाजावाजा करून जाहीर करणंच थांबवलं. शहाणे!

तुमच्या घरी अमेरिकेची तयारी चाललीय? चकचकीत ब्रोशर ठेवा बाजूला. कॉलेजच्या साइटवर 'कॉमन डेटा सेट' शोधा. 'सी' विभागात प्रवेश मिळालेल्यांपैकी खरोखर किती आले आणि त्यांचे स्कोअर काय होते, हे दिसेल. 'बी' विभागात सहा वर्षांत किती जण पदवी घेऊन बाहेर पडले तेही. आधी 'बी' वाचा.