एकमेकींना छेदणाऱ्या बाजू

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरपासून काही किलोमीटर पूर्वेस हुमायूनची कबर आहे. सोळाव्या शतकातील या वास्तूच्या मोठ्या कमानींवर सहा टोकांच्या चांदण्या दिसतात. अशा चांदणीच्या एका टोकापासून, मधले एक टोक वगळून, पुढच्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढत गेल्यास तीन रेघांतच आरंभीचे टोक येते. म्हणजे ती दोन त्रिकोणांची जोडी आहे. पाच टोकांच्या चांदणीत मात्र हीच कृती पाचही टोकांना भेट देऊन संपते. ती एकच बहुभुजाकृती असून तिच्या बाजू परस्परांना छेदतात.

अशा आकृत्यांचे वर्गीकरण कसे करावे? वर्तुळावर पाच बिंदू घेऊन प्रत्येक बिंदूतून एकदाच जाणाऱ्या बंद आकृत्या काढल्या, तर त्या 12 होतात. फिरवून किंवा उलटवून एकमेकींशी जुळणाऱ्या आकृत्या एकाच प्रकारच्या मानल्या, तर प्रकार चारच उरतात. एका आकृतीत बाजूंचा छेद नसतो. तो आपला परिचित पंचकोन होय. पाच आकृत्यांत एक छेद, पाच आकृत्यांत दोन छेद आणि उरलेल्या एकीत, म्हणजे चांदणीत, पाच छेद असतात. तीन किंवा चार छेदांची आकृती येथे मिळत नाही. कागदावर सर्व 12 आकृत्या काढून ही गणती ताडून पाहावी. पंधरा मिनिटांचे काम आहे.

सहा बिंदूंच्या बाबतीत 60 आकृत्या आणि 12 प्रकार होतात. षट्कोनात 7 हून अधिक छेद संभवत नाहीत. म्हणून केवळ छेद मोजून हे 12 प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत.

हा निव्वळ कागदावरचा खेळ नव्हे. समजा, 40 मीटर लांब व 30 मीटर रुंद अशा आयताकृती जमिनीचे क, ख, ग, घ हे ओळीने येणारे चार कोपरे आहेत. निर्देशकांवरून क्षेत्रफळ काढताना ते क, ग, ख, घ या क्रमाने लिहिले गेले, तर हद्दीची आकृती डमरूसारखी होते. डमरूचा एक भाग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजला जातो, तर दुसरा उलट दिशेने. दोन्ही समान असल्याने 1,200 चौरस मीटरऐवजी उत्तर शून्य येते. शून्य पाहून कोणीही सावध होईल. वेड्यावाकड्या जमिनीत मात्र दोन भाग असमान असतात; त्यांची वजाबाकी खऱ्या क्षेत्रफळासारखीच भासते, आणि चूक कागदोपत्री तशीच राहू शकते.

यासाठी लगतच्या नसलेल्या बाजूंची प्रत्येक जोडी तपासावी लागते. चौकोनात अशा जोड्या 2, पंचकोनात 5 आणि षट्कोनात 9 असतात. यांपैकी एकही जोडी परस्परांना छेदत वा स्पर्श करत नसेल, तरच ती हद्द साधी बहुभुजाकृती ठरते.