भोंगा चुकला तर?

सोलापुरात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली आणि पुढे कित्येक घरांचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर चालला. भोंगा ठरल्या वेळी वाजे. झोपून राहिलेल्यासाठी पुन्हा वाजत नसे.

लिनक्समधला क्रॉन (ठरल्या वेळी कामे आपोआप सुरू करणारा प्रोग्राम) असाच आहे. दर मिनिटाला तो आपली यादी पाहतो. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या चादर कारखान्यात हिशेबाचा बॅकअप (जादा प्रत) रात्री साडेनऊला लावला आहे आणि संगणक नऊलाच बंद झाला. सकाळी सुरू केल्यावर क्रॉन ते काम उरकेल, असे अनेकांना वाटते. वाटणे स्वाभाविक आहे, पण साधा क्रॉन चुकलेल्या कामाकडे वळत नाही आणि तसे कळवतही नाही. प्रत नाही हे कळते ते डिस्क बिघडल्यावर.

चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरला क्रॉन पुरेसा आहे. रोज बंद होणाऱ्या संगणकावर अ‍ॅनाक्रॉन बरा: काम शेवटचे कधी झाले ती तारीख तो लिहून ठेवतो आणि राहिलेले उरकतो. मात्र त्याचा हिशेब दिवसांचा, तास-मिनिटांचा नाही.

नेमकी वेळही हवी आणि चुकलेले कामही व्हायला हवे, तर सिस्टिमडी टायमर (लिनक्समध्येच ठरल्या वेळी कामे सुरू करणारी दुसरी सोय) घ्यावा. त्यातला चुकलेले काम उरकणारा ‘पर्सिस्टंट’ हा पर्याय मुळात बंद असतो. तो आठवणीने चालू करावा लागतो.