टोपणनावामागची माणसं

शाळेच्या गॅदरिंगला नाटक बसवायचं ठरलं, की पहिलं भांडण कशावरून होतं? राजा कोण होणार, यावरून! प्रधानाचं काम मिळालं तरी चालतं. पण भालदाराचं? तासभर भाला धरून उभं राहायचं आणि एकदाच ओरडायचं, "महाराज, दूत आला आहे!" बस्स, संपलं काम. घरी आल्यावर आजीसुद्धा विचारते, "अरे, तू होतास कुठे? मला दिसलाच नाहीस!"

पण समजा, नाटक लिहिणाऱ्याने एक दिवस या भालदाराकडे नीट पाहिलं आणि स्वतःलाच विचारलं, 'हा इथे उभा आहे खरा, पण याच्या घरी कोण असेल? याला भीती कशाची वाटत असेल?' तर काय होईल? नाटकच बदलून जाईल!

दोस्तांनो, अमेरिकेतल्या एका टीव्ही मालिकेत अगदी असंच घडलं. आणि एकदाच नाही, अकरा वर्षं घडत राहिलं. त्या मालिकेचं नाव 'मॅश'.

तंबूतलं इस्पितळ

'मॅश' म्हणजे 'मोबाईल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल'. सोप्या भाषेत सांगायचं तर लढाईच्या मागोमाग हलणारं लष्करी इस्पितळ. २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटलं. एका बाजूला उत्तर कोरिया आणि नंतर त्याच्या मदतीला उतरलेला चीन. दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या झेंड्याखाली आलेली अमेरिका व इतर देशांची सैन्यं. जखमी सैनिकाला दूरच्या शहरात न्यायचं, तर वाटेतच उशीर व्हायचा. मग जखमीला इस्पितळाकडे नेण्याऐवजी इस्पितळच जखमीजवळ न्यायचं, अशी ही युक्ती होती. छोट्या हेलिकॉप्टरच्या दोन्ही अंगांना स्ट्रेचर बांधून जखमी आणायचे, तंबूतच ऑपरेशन करायचं आणि आघाडी सरकली की तंबू उपटून पुढे निघायचं.

आपला भारत या युद्धात लढला नाही, पण मदतीला मात्र धावला. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालचं '६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स' हे वैद्यकीय पथक १९५० मध्येच कोरियात पोहोचलं. मार्च १९५१ मध्ये तर या पथकातल्या डॉक्टरांनी आणि जवानांनी अमेरिकन सैनिकांबरोबर विमानातून छत्रीने उड्या घेतल्या आणि आघाडीवरच जखमींवर उपचार केले! रंगराज यांना पुढे महावीर चक्र मिळालं. युद्ध थांबल्यावर, १९५३ मध्ये, मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांवर देखरेख ठेवायला भारतीय सेना गेली. तिचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात.

अशाच एका इस्पितळात काम केलेल्या एका अमेरिकन डॉक्टरने 'रिचर्ड हूकर' या टोपणनावाने १९६८ मध्ये एक कादंबरी लिहिली. १९७० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि १७ सप्टेंबर १९७२ रोजी टीव्ही मालिका सुरू झाली. नायक हॉकआय नावाचा सर्जन. हात सोन्याचे आणि जीभ कात्रीसारखी! ॲलन अल्डा या नटाने ते काम केलं.

मालिका विनोदी. त्या काळी अमेरिकेत विनोदी मालिकेत मागे हसण्याचा आवाज घालायची पद्धत होती. टीव्ही कंपनीने इथेही तोच हट्ट धरला. पण मालिकेचे कर्ते लॅरी गेलबार्ट आणि जीन रेनॉल्ड्स यांनी एक गोष्ट मान्य करून घेतली. ऑपरेशनच्या तंबूत हशा नाही! बाहेर कितीही थट्टा चालू दे, टेबलावर माणूस आला की मागचं हसणं बंद.

हॉकआयभोवती बाकीची मंडळी होती. सुरुवातीला प्रत्येकाच्या वाट्याला एकच गंमत आलेली. एक नेहमी चिडणारी, एक नेहमी घाबरणारा, एक विचित्र कपडे घालणारा. आपण वर्गात नाही का म्हणत, 'तो चष्मिस', 'ती रडूबाई', 'तो ढोल्या'? अगदी तसंच!

फ्रॉक घालणारा शिपाई

त्यातला सगळ्यांत गमतीदार म्हणजे मॅक्स क्लिंजर. टोलीडो शहरातून सैन्यात भरती करून आणलेला. त्याला एकच ध्यास, काहीही करून घरी जायचं! आपल्याला वेडा ठरवून घरी पाठवतील, या आशेने हा दाढीचे खुंट वाढलेला, केसाळ हातांचा गडी फ्रॉक, हॅट आणि उंच टाचांचे बूट घालून पहारा द्यायचा. एकदा तर जनरल मॅकआर्थर येणार म्हटल्यावर तो स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बनून उभा राहिला!

जेमी फार या नटाला हे काम एका भागापुरतंच दिलं होतं. एक विनोद, लोक हसतील, झालं. पण क्लिंजर लोकांना फारच आवडला. त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं गेलं. मग लेखकांना प्रश्न पडला, एकच विनोद किती वेळा करणार? आणि त्यांनी दुसरा विनोद शोधण्याऐवजी माणूस शोधला. क्लिंजरला घरची आठवण येते, त्याला आईची काळजी वाटते. घरी जायची एवढी घाई, पण जखमी आले की स्ट्रेचर उचलायला हाच सगळ्यांच्या पुढे. १९७९ मध्ये इस्पितळाच्या कारकुनाची जागा रिकामी झाली आणि ती क्लिंजरकडे आली. सुरुवातीला सगळा गोंधळ! फायली सापडेनात, जो तो आधीच्या कारकुनाशी तुलना करायला लागला. वर्गात नवा मॉनिटर झालेल्या मुलाला हे दुःख बरोबर कळेल. पण हळूहळू क्लिंजर काम शिकला. फ्रॉक पेटीत गेले. लेखकांनी आधीच माणूस उभा केलेला असल्यामुळे फ्रॉकवाचूनही तो लोकांना आवडत राहिला.

आणि शेवटी काय झालं ठाऊक आहे? युद्ध संपलं, सगळे आनंदाने घरी निघाले आणि घरी जायला सर्वांत उतावीळ असलेला क्लिंजर मात्र कोरियातच थांबला! सून-ली नावाच्या कोरियन मुलीशी त्याने लग्न केलं. तिचे घरचे लोक युद्धात हरवले होते. ते सापडेपर्यंत ती देश सोडणार नव्हती, म्हणून हाही थांबला.

कॉफीचा एक कप

मार्गारेट हूलिहॅन ही नर्सेसची प्रमुख. हुद्दा मेजर. शिस्तीची कडक, आवाज खणखणीत. तिला सगळ्यांनी एक चावट टोपणनाव ठेवलं होतं. पहिल्या काही वर्षांत मालिकेत ती बहुतेक वेळा त्याच नावापुरती उरायची.

१९७६ मध्ये एक भाग आला. नर्सेसनी शिस्त मोडली म्हणून मार्गारेट नेहमीप्रमाणे चिडते. पण या वेळी बोलता बोलता तिचा आवाज फुटतो. ती जे बोलते त्याचा अर्थ असा, की तुम्ही सगळ्या रात्री एकत्र बसता, हसता. मी बाहेरून जाते, तेव्हा ते मला ऐकू येतं. इतक्या दिवसांत एकीने तरी मला कपभर कॉफीला बोलावलं का?

बघा, हुकूम सोडणारी बाई एकटी असेल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. नर्सेसच्याही नाही आणि बघणाऱ्यांच्याही नाही! हे काम करणारी लोरेटा स्विट ही अभिनेत्री मार्गारेट नुसती थट्टेचा विषय राहू नये म्हणून लेखकांशी बोलत राहिली. पुढे पुढे ते टोपणनाव मालिकेतून जवळजवळ नाहीसंच झालं. उरलं ते तिचं खरं नाव, मार्गारेट.

रडारचं अस्वल

क्लिंजरच्या आधीचा तो कारकून म्हणजे रडार. आयोवातल्या शेतावरून आलेला, चष्मेवाला, झोपताना कापडी अस्वल जवळ घेणारा पोरसवदा शिपाई. येणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज त्याला सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा, म्हणून नाव 'रडार'. गॅरी बर्गहॉफ या नटाने चित्रपटातही हेच काम केलं होतं.

इस्पितळाचे पहिले प्रमुख कर्नल ब्लेक हे ढिले, विसरभोळे आणि फार प्रेमळ गृहस्थ. रडारला ते वडिलांसारखे. १८ मार्च १९७५ च्या भागात त्यांना घरी जायची परवानगी मिळते. सगळे हसत हसत निरोप देतात. नंतर ऑपरेशन चालू असताना रडार आत येतो. हातात कागद. कर्नल ब्लेक यांचं विमान समुद्रावर पाडलं गेलं, कोणीही वाचलं नाही. एवढं तो कसंबसं वाचतो. तंबूत कुणी काम थांबवत नाही, थांबवता येतच नाही. लेखकांनी हे शेवटचं पान लपवून ठेवलं होतं आणि चित्रीकरणाच्या अगदी आधी कलाकारांना दिलं! विनोदी मालिकेत आवडता माणूस असा मारून टाकल्याबद्दल रागावलेल्या प्रेक्षकांनी पत्रं पाठवली. पण युद्धात बातमी अशीच येते, हे मालिकेला सांगायचं होतं.

अशा बातम्या वाचता वाचता रडार मोठा झाला. १९७९ मध्ये काका वारल्यामुळे त्याला शेत सांभाळायला घरी जावं लागलं. निरोपाच्या समारंभाची तयारी झाली आणि नेमके तेव्हाच जखमी आले. समारंभ राहिलाच. रडार निघून गेला. नंतर हॉकआय आपल्या तंबूत आला, तर खाटेवर रडारचं कापडी अस्वल ठेवलेलं!

गर्विष्ठ सर्जन आणि चॉकलेटं

आता चार्ल्स विंचेस्टरची गोष्ट. बोस्टनचा गर्भश्रीमंत, उत्तम सर्जन आणि तितकाच गर्विष्ठ. डेव्हिड ऑगडेन स्टायर्स या नटाने रंगवलेला हा माणूस १९७७ मध्ये मालिकेत आला.

१९८० च्या एका भागात नाताळ असतो. विंचेस्टर गुपचूप अनाथाश्रमात जाऊन महागडी चॉकलेटं देतो. दान कुणी केलं हे कळू द्यायचं नाही, ही त्याच्या घराण्याची रीत. दुसऱ्या दिवशी त्याला कळतं, की ती चॉकलेटं काळ्या बाजारात विकली गेली! तो संतापून आश्रमाच्या प्रमुखाला जाब विचारतो. प्रमुख शांतपणे सांगतो, की चॉकलेटं घटकाभरात संपली असती. ती विकून आलेल्या पैशांत मुलांना महिनाभर पुरेल इतका तांदूळ आणि कोबी मिळाला. विंचेस्टरचा राग उतरतो. जेवणच न मिळालेल्या मुलाला आपण गोड खायला द्यायला निघालो होतो, हे त्याच्या लक्षात येतं आणि तो स्वतःच क्षमा मागतो.

आणखी एक भाग १९८२ चा. एक जखमी सैनिक तोतरा बोलतो, म्हणून सगळे त्याला चिडवतात. विंचेस्टर त्याच्या बाजूने उभा राहतो, त्याला धीर देतो, वाचायला स्वतःचं आवडतं पुस्तक देतो. या गर्विष्ठ माणसाला एकाएकी झालं तरी काय? भागाच्या शेवटी तो तंबूत एकटा बसून बहिणीने पाठवलेली ध्वनिफीत ऐकतो. ती बोलायला लागते आणि आपल्याला उलगडा होतो. तीही तोतरी बोलते! याबद्दल विंचेस्टर कुणाला एक शब्दही सांगत नाही. ते फक्त प्रेक्षकांनाच कळतं.

मागे उभी असलेली केली

आपल्या भालदाराची आठवण आहे ना? 'मॅश'मध्ये अशी एक नर्स होती. नाव केली. ते काम करणारी हवाईची केली नाकाहारा सुरुवातीला गर्दीत उभी राहायला आलेली. कात्री दे, स्ट्रेचर धर, एवढंच काम. वर्षानुवर्षं ती मागेच दिसत राहिली आणि १९८२ मध्ये लेखकांनी तिच्यासाठी एक अख्खा भाग लिहिला. त्यात ती हॉकआयला खडसावते, की तुम्ही सुंदर नर्सेसकडे बघता, पण मी तुम्हाला दिसतच नाही! मी हुशार आहे, मी मजेदार आहे, मला जाणून घ्यावं असं तुम्हाला कधी वाटलं का? आणि त्याच भागात हॉकआय लपून बघतो, तर केली एका मरणोन्मुख सैनिकाशी शेवटपर्यंत प्रेमाने बोलत बसलेली. नायकाचे डोळे उघडतात. आपलेही उघडतात, कारण इतकी वर्षं आपणही तिला कुठे पाहिलं होतं?

एक जण तसाच राहिला

सगळेच बदलले असं मात्र नाही. मेजर फ्रँक बर्न्स हा भित्रा, चहाडखोर आणि कामात कच्चा डॉक्टर शेवटपर्यंत तसाच राहिला. लॅरी लिनविल हा नट ते काम झकास करायचा. पण पाच वर्षांनंतर, या माणसात आता नवीन करण्यासारखं काही उरलं नाही असं वाटून त्याने मालिका सोडली. ज्याला नुसतं हसायचंच, तो माणूस किती दिवस पुरणार? बर्न्सच्या जागी लेखकांनी दुसरा मूर्ख आणला नाही, विंचेस्टर आणला!

खरं युद्ध तीन वर्षं चाललं, मालिका अकरा वर्षं. त्या काळात लेखक कोरियात काम केलेल्या खऱ्या डॉक्टरांशी आणि नर्सेसशी बोलत राहिले. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी अडीच तासांचा शेवटचा भाग लागला, तेव्हा अमेरिकेत सुमारे १० कोटी ६० लाख लोक टीव्हीपुढे बसले होते.

आई-बाबांसाठी एक सूचना. मालिका युद्धावरची आहे आणि सुरुवातीच्या भागांतली थट्टा मोठ्यांची आहे. मुलांना दाखवायची असेल तर भाग निवडून दाखवा आणि बरोबर बसून बघा.

करून पाहा

तुम्हाला आवडणारी एखादी गोष्ट घ्या. नायकाला सोडा आणि मागे उभं असलेलं एखादं पात्र निवडा. वहीत त्याच्याबद्दल तीन उत्तरं लिहा. तो घरी कुणाची वाट बघतो? त्याला कशाची भीती वाटते? आणि तो कुणाला न सांगता कोणतं चांगलं काम करतो?

जमलं? मग आता दुसरं काम, जरा अवघड. तुमच्या वर्गात टोपणनावानेच ओळखलं जाणारं कुणी असेलच. उद्या मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. हेच तीन प्रश्न विचारायचे नाहीत हं! नुसत्या गप्पा मारा. उत्तरं आपोआप मिळतील.