छपरावरच्या ॲन्टेना सिंहगडाकडे का पाहत?

खडकवासल्याच्या धरणावरून दक्षिणेकडे पाहिले, की सिंहगड दिसतो आणि गडाच्या माथ्यावर दूरदर्शनचा मनोरा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचे कार्यक्रम १९७३ सालापासून या मनोऱ्यावरून पुणे परिसरात पोचू लागले आणि छपराछपरांवर माशाच्या काट्यासारख्या ॲन्टेना उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी वारा सुटला की ॲन्टेना फिरे आणि पडद्यावर मुंग्या दिसू लागत. मग एकाने छपरावर चढायचे, दुसऱ्याने खिडकीत उभे राहायचे आणि ‘आलं का?’ ‘नाही, अजून थोडं डावीकडे!’ असा संवाद चालायचा. ते जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण आता बंद झाले आहे. पण ॲन्टेना जराशी फिरताच चित्र का जावे, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

प्रथम ॲन्टेना लहरी कशी सोडते ते पाहू. धातूच्या दांडीत वेगाने उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह सोडला, की तिच्यातील इलेक्ट्रॉन झोपाळ्यासारखे मागेपुढे होतात. विद्युतभाराचा वेग असा सतत बदलत राहिला, की त्यातून विद्युतचुंबकीय लहरी निघतात.

आता खराच झोपाळा डोळ्यांपुढे आणा. बाजूला उभे राहिले तर त्याचा संपूर्ण झोका दिसतो. अगदी समोर उभे राहिले तर झोपाळा डावीउजवीकडे हलताना दिसतच नाही. दांडीचेही तसेच आहे. दांडीच्या काटकोनात असलेल्याला इलेक्ट्रॉनांचा पूर्ण झोका ‘दिसतो’, म्हणून त्या दिशेला लहर सर्वांत जोरदार जाते. दांडीच्या टोकांच्या दिशेला मात्र काहीच जात नाही. आणि जी ॲन्टेना ज्या दिशेला चांगली बोलते, ती त्याच दिशेचे चांगले ऐकते.

दांडी किती लांब हवी? झोपाळ्याला जशी स्वतःची लय असते, तशी दांडीलाही असते. दांडीची लांबी तरंगलांबीच्या सुमारे निम्मी असली, म्हणजे ही लय जुळते. दूरदर्शनच्या एका पट्ट्यातील १८० मेगाहर्ट्झ ही वारंवारता घ्या. तरंगलांबी येते १.६७ मीटर आणि तिची निम्मी ८३ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दोन हात.

रेडिओच्या मध्यम लहरी फार लांब असतात. पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झची लहर घेतली, तर तरंगलांबी जवळजवळ ३७९ मीटर भरते. येथे उंच मनोरा हीच ॲन्टेना असते. जमीन आरशासारखे काम करते, त्यामुळे तरंगलांबीच्या पाव भागाचा, म्हणजे सुमारे ९५ मीटरचा मनोराही पुरतो. तो उभा असल्यामुळे चारी दिशांच्या गावांना त्याचा पूर्ण झोका सारखाच दिसतो. सरळ वर आकाशात काही जात नाही आणि तेथे श्रोतेही नसतात!

सिंहगडाची गोष्ट वेगळी. दूरदर्शनच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून ॲन्टेना लहान असली तरी तिला उंच जागा लागते. ती उंची गडाने आणि मनोऱ्याने दिली.

छपरावर मात्र एकाच दिशेचे ऐकायचे असते. त्यासाठीची रचना जपानमधील उदा आणि यागी यांनी १९२६ साली मांडली. तिच्यात तार एकाच दांडीला जोडलेली असते. तिच्यामागे पाचेक टक्के लांब असा परावर्तक आणि पुढे थोड्या आखूड दांड्या असतात. त्यांना तार नसते, पण येणाऱ्या लहरीने त्यांतही प्रवाह खेळतो आणि त्या स्वतः लहरी सोडतात. लांबी आणि अंतरे अशी ठेवलेली असतात, की समोरून आलेल्या लहरींची बेरीज व्हावी आणि मागून आलेल्यांची वजाबाकी. म्हणून खडकवासल्यातील ॲन्टेनेचे तोंड दक्षिणेला, तर पुणे शहरातील ॲन्टेनेचे नैर्ऋत्येला असे. तोंड चुकले, की एखाद्या डोंगरावर आपटून आलेली लहरही शिरे. ती अर्धा किलोमीटर जास्त फिरून आली, तर चित्राशेजारी सेंटिमीटरभर अंतरावर त्याचेच ‘भूत’ उमटे!

लहर याहून आखूड असली, तर अन्वस्ताकार तबकडी उपयोगी पडते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आहेत. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून तारेच्या जाळीचा आहे. २१ सेंटिमीटरच्या लहरीला एक-दोन सेंटिमीटरची भोके जाणवतच नाहीत! या लहरीसाठी एका तबकडीची नजर चंद्रबिंबाहूनही अरुंद असते.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. कोणतीही ॲन्टेना ऊर्जा निर्माण करीत नाही. कंदिलाचा उजेड चहूकडे पसरतो आणि बॅटरीचा एका झोतात जातो, तशी ती मिळालेली ऊर्जा फक्त वाटून देते. एका दिशेला जास्त मिळाले, तर दुसरीकडे कमी होणारच.

हे स्वतः करून पाहा. ट्रान्झिस्टर रेडिओत फेराइटच्या कांडीवर तारेचे वेटोळे असते. मध्यम लहरींसाठी तीच ॲन्टेना. दिवसा, विजेच्या तारांपासून दूर, मध्यम लहरींचे एखादे केंद्र लावा आणि रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवा. आवाज अगदी क्षीण होईल, तेव्हा कांडीचे टोक प्रक्षेपण केंद्राकडे असेल. नकाशावर ती रेषा काढा. दुसऱ्या गावातील मित्रालाही त्याच केंद्राची रेषा काढायला सांगा. दोन्ही रेषा कोठे छेदतात? तेथे जाऊन पाहा, मनोरा भेटेल!