पंप कोरडा, म्हणजे तेल संपलं?

पंपावर ‘पेट्रोल नाही’ची पाटी लागली की दोन समजुती वाऱ्यासारख्या पसरतात: देशातलं तेल संपलं, नाहीतर पंपवाल्याने साठा दडवला. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत महाराष्ट्रभर हेच बोललं जात होतं. भारतीय न्याय संहितेतल्या ‘हिट अँड रन’च्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरोधात चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघेनात. मुंबईहून पाइपलाइनने आलेलं तेल तिथल्या टाक्यांत होतं. अडला होता तो पंपापर्यंतचा शेवटचा टप्पा. मग टंचाई खरीच होती, असं कोणी म्हणेल. होतीच, पण ती वाढवली रांगेने. समजा, एका गावात हजार मोटरसायकली आहेत आणि एरवी त्यांच्या टाक्या निम्म्या भरलेल्या असतात. बातमी ऐकून सगळ्यांनी एकाच दिवशी पाच-पाच लिटर जास्त भरलं, तर पाच हजार लिटर पेट्रोल पंपाच्या टाकीतून उठून घरोघरच्या अंगणात जाऊन बसतं. वापर एका थेंबानेही वाढलेला नसतो. यात दोष माणसांचा नाही. उद्याचं ठाऊक नसताना आज टाकी भरणं शहाणपणाचंच. मागणीतला लहानसा हेलकावा साखळीत मागे जाता जाता मोठा होतो, हे व्यवस्थापनाचे अभ्यासक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच दाखवून दिलं होतं. चालकांच्या त्या संपात चंदीगड प्रशासनाने दुचाकीला दोन लिटर आणि चारचाकीला पाच लिटर अशी मर्यादा घातली. मला तो उपाय योग्य वाटतो, कारण त्याने हात घातला तो रांगेलाच.

‘टँकर वाढवा, प्रश्न सुटेल’ ही तिसरी समजूत. राजूरसारख्या ठिकाणाहून पाहिलं की ती किती तोकडी आहे ते कळतं. वणी तालुक्यातला हा कोळशाचा आणि चुनाभट्ट्यांचा भाग. जवळच्या उकणीसारख्या खुल्या खाणीत डंपर चालतात डिझेलवर; कोळसा रेल्वेने वीजकेंद्रांकडे जातो आणि अनेक डेपोंना इंधनही रेल्वेच्याच वॅगनमधून मिळतं. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी रेल्वेने शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द केल्या होत्या. रूळ तेवढेच, त्यावर हक्क सांगणारे अनेक. अशा वेळी डेपोत इंधनाच्या वॅगनची रेकच उशिरा पोचली, तर वाढवलेले टँकर फाटकाबाहेर रिकामे उभे राहतील. पंपाची भूमिगत टाकी मोठी केली तर चार दिवस जास्त निघतील हे खरं, पण पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरांची मागणी एकदम चढते, हे डेपोला आधी कळलं नाही तर ती मोठी टाकीही अर्धीच भरलेली असेल.