धार्मिक चित्रपटांची पारख

उत्तम शुक्रवारच्या संध्याकाळी किंवा नाताळच्या सुटीत सभागृहात पडदा लावून ख्रिस्तचरित्राचा एखादा चित्रपट दाखवावयाचा, ही चाल आपल्या मंडळ्यांत आता चांगलीच रुळली आहे. पूर्वी त्यासाठी यंत्र भाड्याने आणावे लागे आणि ऐन रंगात रीळ तुटे. आता एका पेनड्राइव्हवर काम भागते. किंबहुना सभागृहापर्यंत येण्याचीही गरज उरलेली नाही. मुलांच्या हातातल्या मोबाइलवर असे चित्रपट हवे तितके येऊन पडतात. सोय वाढली, निवड मात्र वाढली नाही. चित्रपटात ख्रिस्ताचे नाव आहे, अंगविक्षेपांची गाणी नाहीत आणि शेवटी कोणीतरी गुडघे टेकून प्रार्थना करते, एवढे कळले की आईबाप निर्धास्त होतात. मुलीच्या हातातली कादंबरी मागूनपुढून चाळून पाहणारा बाप धार्मिक चित्रपट लावून देऊन खुशाल बाजारास निघून जातो. या निर्धास्तपणाविषयीच येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

सरकारी दाखला पाहून काम भागेल, असे कोणी म्हणेल. सेन्सॉर बोर्डाचे 'यू', 'यूए' आणि 'ए' हे शिक्के आपणांस ठाऊक आहेत. २०२४ सालापासून 'यूए'चेही सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन वर्ग झाले आहेत. हे शिक्के उपयोगी आहेत. परंतु ते मारहाण, रक्तपात, असभ्य भाषा अशा गोष्टींविषयी बोलतात. चित्रपटातला देव आणि पवित्र शास्त्रातला देव एकच आहे की नाही, हे पाहणे बोर्डाचे काम नव्हे. ते आपले काम.

चित्रपटाचे सामर्थ्य किती असते याची साक्ष आपल्या मराठी मुलखातच आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईस अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. तो पाहत असता त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. आणि त्यातूनच १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. हिंदी चित्रसृष्टीच्या जन्माला ख्रिस्तचरित्राचा एक मूकपट कारण व्हावा, ही मौजेची गोष्ट खरीच. आपल्या विषयापुरते त्यातून घ्यावयाचे ते एवढेच की, अशी चित्रे नुसती माहिती देऊन थांबत नाहीत. ती मनावर ठसा उमटवतात, आणि लहान मुलाच्या मनावर तर पहिला ठसा फार खोल जातो.

येशूच्या चेहऱ्याचेच पाहा. चारही शुभवर्तमानांत त्याच्या रंगरूपाविषयी अक्षर नाही. तरी रविवारच्या शाळेतल्या मुलांस चित्र काढावयास सांगितले, तर बरीचशी मुले गोरापान आणि मऊ केसांचा येशू काढतील. १९७७ साली झेफिरेल्ली यांनी केलेल्या 'जीझस ऑफ नाझरेथ' या दूरचित्रवाणी-मालिकेतील रॉबर्ट पॉवेल यांचे निळे डोळे कित्येकांच्या मनात असे घर करून बसले आहेत की, प्रार्थनेत डोळे मिटले तरी तेच दिसतात. १९७८ च्या 'करुणामयुडु' या तेलुगू चित्रपटात विजयचंदर यांनी येशूचे काम केले. तोच पुढे हिंदीत 'दयासागर' म्हणून खेडोपाडी पडदा लावून दाखवला गेला. त्यातला येशू आपल्या माणसासारखा दिसतो, म्हणून तो पुष्कळांस जवळचा वाटला. १९५९ च्या 'बेन-हर'मध्ये तर येशूचा चेहरा दाखवलेलाच नाही. पाठमोरी आकृती आणि तिच्याकडे पाहणाऱ्यांचे चेहरे तेवढे दिसतात. मला ही युक्ती सर्वांत शहाणपणाची वाटते.

दिग्दर्शक पदरचे काही घालतो, हा दोष नव्हे. घातल्यावाचून कथा उभीच राहत नाही. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली ते राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या काही केवळ शास्त्रातील शब्द मोजून होत नाहीत. आपले ख्रिस्ती कीर्तनकारही आख्यान रंगवताना मार्था आणि मरीया यांच्या घरात मराठी स्वयंपाकघर उभे करीत आलेच आहेत. मात्र श्रोत्यांस कळे की, हे बुवांचे आहे आणि हे शास्त्राचे आहे. पडद्यावर ही सीमारेषा पुसली जाते.

उदाहरणच द्यावयाचे तर सेसिल डिमिल यांचा १९२७ चा 'किंग ऑफ किंग्ज' हा मूकपट घ्या. त्यात येशूचे प्रथम दर्शन एका आंधळ्या मुलीला दृष्टी येते तेव्हा तिच्या डोळ्यांतून घडते. याहून सुंदर कल्पना मी तरी पाहिलेली नाही. पण त्याच चित्रपटाच्या आरंभी मग्दालीया मरीया ही विलासी गणिका आणि यहूदा इस्कर्योत तिचा प्रियकर, असा देखावा आहे. शास्त्रात याला काडीचा आधार नाही. तिच्यातून सात भुते निघाली होती, एवढेच लूक सांगतो. तिची आणि लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्रीची गल्लत ५९१ साली पोप ग्रेगरी यांच्या प्रवचनाने रूढ झाली आणि चित्रपटांनी ती घरोघर नेली. पुनरुत्थानाची पहिली वार्ता जिने आणली, त्या स्त्रीची आपल्या मुलींच्या मनातली ओळख ही अशी व्हावी, याला काय म्हणावे?

आता ज्या चित्रपटावरून आपल्याकडे सर्वांत अधिक वाद होतो, तो मेल गिब्सन यांचा २००४ चा 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट'. अरामी, लॅटिन व हिब्रू भाषांतला हा चित्रपट अनेक ठिकाणी दर उत्तम शुक्रवारी लहानथोरांसमोर लावतात. फटक्यांचा प्रसंग शुभवर्तमानांत एकेका ओळीत संपतो. लूकमध्ये तर पिलात तसे नुसते बोलून दाखवतो. चित्रपटात तोच प्रसंग कितीतरी वेळ चालतो आणि कातडी सोलून निघालेली दिसते. पिलाताची पत्नी रक्त टिपण्यासाठी मरीयेला वस्त्रे आणून देते, हा प्रसंग शास्त्रातला नाही. जर्मन जोगीण अ‍ॅन कॅथरिन एमरिक (१७७४–१८२४) हिच्या दर्शनांवरून लिहिलेल्या पुस्तकातून तो आला आहे. न पस्तावलेल्या चोराचा डोळा कावळा फोडतो, हेही शास्त्रात नाही. अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून हा चित्रपट पाहण्यास मनाई होती आणि इंग्लंडात अठरा वर्षांखालील मुलांना मुळीच परवानगी नव्हती. मग आमच्या सभागृहात पहिल्या रांगेत सहा वर्षांची मुले कशी? ती रडली म्हणजे त्यांच्या अंतःकरणास स्पर्श झाला, असे कोणी समजू नये. मूल भीतीनेही रडते. शुभवर्तमानकारांनी येथे जो संयम पाळला तो शब्द सुचेनात म्हणून नव्हे.

याच चित्रपटाविषयी आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. त्यातील याजक आणि जमाव ज्या रीतीने रंगवले आहेत, त्याबद्दल यहुदी समाजाने तीव्र हरकत घेतली. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात जमाव येशूच्या रक्ताचा दोष स्वतःवर आणि आपल्या मुलांवर घेतो. ते वाक्य मूळ भाषेत ठेवून त्याचे पडद्यावरील भाषांतर मात्र गिब्सन यांस काढावे लागले. या एका वाक्याच्या आधारे युरोपात यहुद्यांचे शतकानुशतके हाल झाले. १९६५ साली रोममधील महासभेस हा दोष सर्व यहुद्यांवर लादता येणार नाही असे स्पष्ट जाहीर करावे लागले. आपणांस हे दूरचे वाटू नये. कोकणातले बेने इस्राएल हे आपल्याच भाषेचे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीही आपल्या धर्मकथांची मराठीत कीर्तने केली. त्यांतले एखादे कुटुंब शेजारच्या खुर्चीवर बसले असते तर आपण हा चित्रपट कसा पाहिला असता, एवढा विचार पुरे आहे.

ख्रिस्तचरित्रे बाजूला ठेवून अलीकडच्या कौटुंबिक धार्मिक चित्रपटांकडे वळावे, तर तेथे रक्त नाही, शिवी नाही. आणि तरीही माझ्या मते तेथेच अधिक सावध राहावे लागते. २००६ चा 'फेसिंग द जायंट्स' घ्या. एका ख्रिस्ती शाळेचा फुटबॉलचा शिक्षक सर्वत्र हरत असतो. संघ हरतो, गाडी बंद पडते, मूल होत नाही. तो देवाकडे वळतो; मग संघ अजिंक्यपद मिळवतो, नवी गाडी भेट मिळते, पगार वाढतो आणि पत्नीस दिवस जातात. न्यायाने सांगितले पाहिजे की, मूल झालेच नाही तरीही देवावर प्रेम करशील का, असा प्रश्न तो पत्नीला मध्यंतरी विचारतो. तो प्रश्न अस्सल आहे. पण चित्रपट त्याला धीर धरू देत नाही. एकेक करून सगळे पदरात टाकतो.

ज्या घरी बाप महिनाभर इस्पितळात पडून होता, मंडळीने उपासतापास करून प्रार्थना केली आणि तरीही बाप गेला, त्या घरातली दहा वर्षांची मुलगी हे पाहते तेव्हा ती कोणता हिशेब करील? एक तर देव खोटा, नाहीतर आमची प्रार्थना कमी पडली. दुसरा हिशेब पहिल्याहून क्रूर आहे, कारण तो ती कोणाला बोलून दाखवीत नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने सिंहांची तोंडे बंद करणारे आहेत, तसेच करवतीने चिरले गेलेलेही आहेत, आणि दोघांचा विश्वास सारखाच वाखाणला आहे. जो चित्रपट यांतले पहिलेच लोक दाखवतो, तो खोटे बोलत नसेल, पण अर्धे सांगतो. असा चित्रपट दाखवूच नये असे माझे म्हणणे नाही. त्या मुलीच्या आईने किंवा पाळकांनी नंतर तिच्याजवळ बसावे.

दुसरी पारख शेजाऱ्याची. २०१४ च्या 'गॉड्स नॉट डेड'मध्ये नास्तिक प्राध्यापक उद्दाम आहे, आणि मुलगी ख्रिस्ती झाली म्हणून तिला मारून घराबाहेर काढणारा बाप मुसलमान आहे. अशा घटना जगात घडत नाहीत असे नाही. परंतु आपण बेळगावकडची माणसे; घरात मराठी, बाजारात कानडी, आणि जिन्यावर भेटतो तो शेजारी कधी लिंगायत, कधी जैन, कधी मुसलमान. ईदची खीर ज्या घरून येते, त्या घराविषयी मुलाच्या मनात काय राहिले ते विचारून पाहावे.

याउलट २०१९ चा 'द लीस्ट ऑफ दीज' हा ग्रॅहम स्टेन्स यांच्यावरील चित्रपट विषयाने भयंकर आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसातील मनोहरपूर येथे स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे गाडीत जिवंत जाळले गेले. लहानांस तो दाखवू नये. मोठ्या मुलांसोबत मात्र अवश्य पाहावा, कारण त्यानंतर ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केली आणि पुढेही काही वर्षे येथेच राहून महारोग्यांची सेवा चालू ठेवली, हे त्यांना कळलेच पाहिजे. १९८१ चा 'चॅरियट्स ऑफ फायर' तर सर्व घराने एकत्र पाहावा. रविवारी धावणार नाही म्हणून १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडेल यांनी शंभर मीटरची शर्यत सोडली आणि चारशे मीटरची जिंकली. वेळापत्रक त्यांना महिनोन्महिने आधी ठाऊक होते. बोटीवर चढताना कळल्याचे दाखवले आहे ती दिग्दर्शकाची करामत. पुढे चीनमध्ये जपान्यांच्या छावणीत १९४५ साली ते वारले, हे पालकांनी आपल्या पदरचे सांगावे.

लहान मुले घरात असतील तर १९७९ च्या 'जीझस' या चित्रपटापासून आरंभ करणे बरे. तो जवळजवळ सर्वस्वी लूकच्या शुभवर्तमानावरून बेतलेला आहे, दोन तासांत संपतो आणि मराठीत व कानडीतही मिळतो. लूकचे अध्याय चोवीस. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून रोज रात्री जेवणानंतर एक वाचला तर चोवीस तारखेस पुस्तक पुरे होते. मग नाताळच्या दुपारी चित्रपट लावावा आणि मुलांच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी: वाचलेले पण पडद्यावर न आलेले काय, आणि पडद्यावर आलेले पण न वाचलेले काय, ते त्यांनी टिपावे.