पद्मिनीचा ब्लॉक आणि नवी स्लीव्ह

ऑक्टोबर 2023च्या अखेरीला मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी इतकी वर्षं तगली ती दणकट होती म्हणून, असं सगळे म्हणतात. तिला तगवण्यात इंजिनाचे सिलिंडर कातणाऱ्या बोअरिंगवाल्यांचा वाटा केवढा मोठा होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तिच्या इंजिनाचा बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. क्रँकच्या एका फेरीत पिस्टन वरखाली मिळून 15 सेंटिमीटर घासतो. मिनिटाला 3,000 फेऱ्या धरल्या, तर तासाला 27 किलोमीटर, तेही वीतभर नळीत. झीज मात्र सगळीकडे सारखी होत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो. तिथे तेलाचा थर सर्वांत पातळ, आणि जळत्या वायूचा दाब नेमका तिथेच पिस्टनच्या रिंगेला भिंतीवर रेटतो. म्हणून बोअर वर रुंद आणि खाली जवळजवळ मूळ मापाचा होतो. अगदी तोंडाशी, जिथवर रिंग पोचतच नाही, तिथे कोऱ्या लोखंडाचा काठ उरतो. हेड उतरवलं की मिस्त्री आधी त्या काठावर नख फिरवतो. नख अडलं की गाडी ऑइल का खाते ते त्याला उमगतं. खर्च वाचवायला काठ तसाच ठेवून नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर वरची रिंग त्या काठावर आपटून तुटते.

मग बोअर गेज उतरतं. काटा थाऊमध्ये बोलतो. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. झीज थोडी असेल तर बोअर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन बसतो. पण हे दर वेळी चालत नाही. भिंतीपलीकडे पाणी खेळत असतं, भिंत किती पातळ करायची याला हद्द आहे. ती हद्द आली की ब्लॉकमध्ये दाबून बसवायची नळी, म्हणजे स्लीव्ह किंवा ड्राय लायनर.

चांगला लायनर फिरत्या साच्यात ओततात. जड लोखंड बाहेर फेकलं जातं, हलकी मळी आतल्या अंगाला जमते आणि पुढे ती कातून टाकता येते. लायनरच्या बिडातलं ग्राफाइट थोडंफार वंगणाचं काम करतं.

सिट्रोएनच्या 1934च्या ट्रॅक्सिओं आवाँसारख्या गाड्यांच्या इंजिनांत वेट लायनर असतो. त्याला पाणी थेट लागतं, जुना काढून नवा बसवणं त्यामानाने सोपं. पद्मिनीत सगळी कसोटी बोअरिंग करणाऱ्याच्या हाताची. तो स्लीव्हसाठी ब्लॉक मोठा करतो, पण तळाशी बारीक पायरी राखतो, म्हणजे ती खाली सरकत नाही. भोक स्लीव्हपेक्षा थाऊ-दोन थाऊने लहानच हवं. दोन्ही अंगं लख्ख पुसावी लागतात, कारण मधे पोकळी किंवा घाण राहिली तर उष्णता पाण्यापर्यंत जात नाही आणि पिस्टन धरतो. मग प्रेसखाली स्लीव्ह सरळ, सावकाश उतरते. ती बसताना शेजारचा बोअरही किंचित दबतो. म्हणून जाणता कारागीर चारही स्लीव्ह आधी दाबून घेतो आणि मगच एकेकीचं फायनल बोअरिंग करतो. घाईत एक पुरी करून दुसरी दाबली, की पहिलीचा गोलपणा गेलाच. माझ्या लेखी या कामातलं खरं शहाणपण इथे आहे.

शेवटच्या मापासाठी पिस्टन हातात असावाच लागतो. प्रत्येकाचा स्कर्ट मोजून त्यावर नंबर टाकतात, आणि तो बोअर त्याच पिस्टनपुरता होन करतात. होनिंगच्या दगडांनी भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा उठतात. त्या रेघांतच तेल टिकतं, आणि नव्या रिंगा भिंतीशी जुळतात.

त्याच रेघांत दगडाची पूडही अडकते. नुसत्या रॉकेलने ती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. बोअर घासून, धुऊन, कोरडा करून तेलात भिजवलेलं पांढरं फडकं आत फिरवतात आणि उजेडात धरून पाहतात. फडक्यावर करडा डाग दिसला, की पुन्हा गरम पाणी.